चौथा कोपरा

९ मार्च

ढब्बू,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने काढावे लागत नाहीत. मुद्द्यावर येते.

तुझी गोधडी आज कपाटावरून खाली काढली. तीन कोपरे झालेले, चौथा उघडा, आणि त्यातून आतले जुने कपडे बाहेर डोकावतायत. तुझ्या लग्नाआधी सुरू केलेली ही गोधडी, आता तुझी मुलगी अकरा वर्षांची झाली. खालचा सायकलवाला भाडं द्यायला वर आला होता. तो म्हणाला, "ही पांघरायची आहे की नुसती बघायची?" मी त्याला चहा न विचारता परत पाठवला.

तुला चौथा कोपरा शिकवायचा राहिलाय. बाकी सगळं तुला येतं. धावदोरा तुझा वेडावाकडा आहे, पण घट्ट आहे, चालेल. कोपरा मात्र चित्र काढून किंवा पत्रात लिहून येत नाही. शिकणारीने शिकवणारीच्या हातांवर हात ठेवायचे आणि त्या हातांबरोबर जायचं. आपल्या घरच्या गोधडीला गाठ नसते. दोऱ्याचं टोक त्या शेवटच्या घडीत जातं ते कुणाला सापडत नाही. लोकांकडे पिढीजात जमिनी असतात, आपल्याकडे एवढंच आहे.

तू का टाळतेस ते मला ठाऊक आहे. माझ्या आजीने माझ्या आईला कोपरा शिकवला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. आईने मला शिकवला, आणि ती गोधडी खोलीत पसरलेली असतानाच आई गेली. त्यांच्या आधीच्यांचंही असंच सांगतात. जी शिकवते ती जाते. म्हणून तर आपण म्हातारं होईपर्यंत तो कुणाला दाखवत नाही. पण मी आता म्हातारीच आहे की गं. गुडघे रोज सकाळी माझ्याशी भांडतात. सुईत दोरा ओवायला खिडकीत जाऊन उभं राहावं लागतं. उद्या माझ्याबरोबर कोपराही गेला, तर आईला काय तोंड दाखवू?

सुट्टी काढ आणि ये. फोन करू नकोस. मला त्यात निम्मं ऐकू येतं आणि तू त्याचा फायदा घेतेस.

मावशी

---

१८ मार्च

मावशी,

नमस्कार. पत्र दुकानातच वाचलं, गिऱ्हाईक नव्हतं.

औषधांच्या दुकानात इतकी वर्षं उभी राहिल्यावर एक गोष्ट कळते. माणूस आजारी असतो तो पुष्कळ आधीपासून, फक्त त्याला स्वतःला ते उशिरा कळतं. पणजी आणि आजी कोपरा शिकवल्यामुळे गेल्या नाहीत. त्या आधीच आजारी होत्या. शरीराला आतून काहीतरी समजलं असणार, म्हणून त्यांनी घाईघाईने शिकवून टाकलं. तुम्ही सगळ्यांनी ते उलटं धरलंत. साधी गोष्ट आहे आणि तुला पटणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

गंमत बघ, मला स्वतःला हे सगळं पटतं आणि तरी मी येणार नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. माझ्या शाळेच्या पिनाफोरला तू इतकी ठिगळं लावायचीस की मुली मला नकाशा म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं. मला कोपरा नको, तू हवीस. जोपर्यंत मी शिकत नाही तोपर्यंत तू कुठे जात नाहीस, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. याला शास्त्र नाही, हा हट्ट आहे.

आता माझं काम. पुढच्या महिन्यात रिळूच्या शाळेला सुट्टी लागते. मला दुकान आणि हिच्या बाबांना छापखाना, दिवसभर पोरीकडे बघायला कुणी नाही. तुझ्याकडे पाठवू का? तू तिचं नाव ठेवलंस तेव्हा ती रांगायच्या ऐवजी रिळासारखी घरंगळायची, आता दिवसभर उड्या मारते, तुझ्या खालच्या सायकलवाल्याचं छत पडेल. तिला शिवण शिकव, गोधडी घालायला शिकव, काय हवं ते शिकव. फक्त चौथा कोपरा नाही. ही माझी अट आहे आणि ती तू पाळशील असं मी धरून चालते.

तुझी
ढब्बू

---

२ मे

ढब्बू,

मुलगी माझ्याकडे मजेत आहे. तुझी आठवण काढून रडते असं लिहून तुला बरं वाटलं असतं, पण तसं काही नाही.

सकाळी उठल्या उठल्या चिंध्यांच्या पेटीवर जाऊन बसते. प्रत्येक तुकडा कुणाचा ते विचारते. हा निळा कुणाचा? माझ्या बहिणीचा, म्हणजे तुझ्या आईचा. हा पट्ट्यांचा? माझ्या काकांच्या पायजम्याचा. मग ती म्हणते, "म्हणजे आपण त्यांच्या पायजम्यात झोपायचं?" मी इतकी हसले की ठसका लागला. तुझ्या आईला सुई धरायचा कंटाळा, तू धरायचीस ती तोंड वाकडं करून. ही पोर सुई हातात घेते तेव्हा तिची जीभ बाहेर येते आणि सगळं अंग थांबतं. माझ्या आईचं अगदी असं व्हायचं. हे रक्त तुम्हा दोघींना वळसा घालून तिच्याकडे गेलंय.

धावदोरा आठवडाभरात आला. टाके बारीक, एकसारखे. मी बोटाची पत्र्याची टोपी दिली तर म्हणते, नको, बोटाला कळत नाही. सुई टोचली की बोट चोखते आणि पुढे चालू.

एक छोटी गोधडी घालायला घेतलीय आम्ही दोघींनी, पाळण्यातल्या बाळाला पुरेल एवढी. जाताना तिच्याबरोबर देईन.

तुझी अट लक्षात आहे. मी काही एवढी विसरभोळी झाले नाही.

मावशी

---

८ जून

मावशी,

रिळू काल पोचली. रंग उन्हाने रापलाय, बोटांना टोचल्याच्या खुणा, आणि तोंडात सारखं "मावशीआजी म्हणते." थँक्यू म्हणणार होते. तेवढ्यात तिने गोधडी उलगडली.

मी आधी कोपरे बघितले. चारही मिटलेले आहेत, आणि गाठ नाही. मी चष्मा लावून बघितलं, बोटाने चाचपलं, दोऱ्याचं टोक सापडलं नाही. मी विचारलं, हा कोपरा कुणी घातला? ती म्हणाली, आजीने. हे म्हणताना तिचे कान लाल झाले. मावशी, खोटं बोलताना तुझेही कान लाल होतात, म्हणून तू पत्रं लिहितेस आणि फोन टाळतेस असा मला आता संशय आहे.

मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. खरं काय ते लिही. गुडघ्यांचं, सायकलवाल्याचं, हवापाण्याचं लिहू नकोस, फक्त हे लिही.

ढब्बू

---

१७ जून

ढब्बू,

हो. शिकवला.

रागाव, तुझा हक्क आहे. पण ऐक. मी एका दुपारी बसून सगळा विचार केला. तू येणार नाहीस हे पक्कं. तू माझ्यासाठी हट्ट धरून बसणार आणि मी अशीच एक दिवस जिन्यावरून पडून मरणार, आणि मग कोपरा कुणाकडेच राहणार नाही. समोर ही पोर, अशी हाताची. मी म्हटलं, करायचंच आहे ते आज उरकून टाकू. तिचे हात माझ्या हातांवर घेतले. तिला दोनदा करावं लागलं. मला माझ्या आईजवळ कितीतरी दिवस लागले होते.

तिला सांगून ठेवलंय की हे कुणाला शिकवायचं नाही, आईलासुद्धा नाही, म्हातारी होशील तेव्हा बघू. तिने मान डोलावली. मुलं मान डोलावतात तशीच, पण डोलावली.

आता माझं. मी सगळं आवरत आणलंय. शिवणाची कामं घेणं थांबवलं. मोठी कातर रिळूच्या नावाने वेगळी ठेवली. चिंध्यांच्या पेटीतल्या प्रत्येक तुकड्याची हकीकत तिला सांगून झालीय. सायकलवाल्याला किल्ली दिली आहे, मी दोन दिवस दिसले नाही तर वर येऊन बघायला सांगितलंय. तो बिचारा रडायलाच लागला. मला भीती वाटत नाही गं. फार थकवा आहे आणि तो आता संपेल, एवढंच वाटतं. तू फक्त अबोला धरू नकोस, उरलेला वेळ त्यात घालवायचा नाही.

मावशी

---

२८ ऑगस्ट

मावशी,

अबोला धरला होता, आता सोडते. तुझं पत्र आलं की पाकीट फोडायच्या आधी अक्षर बघते. तुझंच अक्षर आहे, हलत नाही, असं दिसलं की मग बसते. तब्येतीचं खरं खरं लिही. भूक, झोप, दम लागतो का, पाय सुजतात का. मी गोळ्या पाठवते, त्या कपाटात ठेवू नकोस, घे.

इथे ठीक आहे. रिळू एकदम उंच झाली, सगळे कपडे आखूड. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि तिथेच जमिनीवर झोपते. वाढीचं वय आहे, हिचे बाबा म्हणतात वाढायला पण कष्ट पडतात. जरा पांढरी दिसते, लोहाचं औषध सुरू केलंय. त्याने तिचे दात काळे झाले आणि ती माझ्यावर चिडलीय.

तिला मी म्हटलं की आजीच्या हातचं आपण सगळं जपून ठेवू. ती म्हणाली, जपून कशाला ठेवायचं, आजी काय कुठे जाणार आहे?

ढब्बू

---

९ सप्टेंबर

ढब्बू,

मी छान आहे. हे वाचून तुला आनंद होईल म्हणून आधी लिहिलं. आता पुढचं वाच.

गुडघे दुखायचे थांबलेत. कमी झाले म्हणत नाही, थांबलेत. मागच्या आठवड्यात मी बाजारातून पिशवी घेऊन जिना एका दमात चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं की कठडा धरला नव्हता. सुईत दोरा अंथरुणात बसून ओवते, चष्मा कुठे ठेवलाय तेही आठवत नाही. भूक अशी लागते की मलाच लाज वाटते. सायकलवाला म्हणाला, "किल्ली परत घ्या, तुम्ही मलाच पोचवणार." मी पण हसले. नंतर दार लावून घेतल्यावर हसू आलं नाही.

आईचं असं झालं नव्हतं. शिकवल्यानंतर ती दिवसेंदिवस बारीक होत गेली, दिव्याची वात कमी करावी तशी. आजीचंही तसंच सांगायचे. मी शिकवून आता तीन महिने उलटले आणि मी वाढतेय. मला हे आवडत नाही. काहीतरी माझ्याकडे यायचं होतं ते आलेलं नाही. मग ते कुठे आहे?

मला एक सांग. इथून गेल्यावर रिळूने कोपरा कुणाला दाखवला का? मैत्रिणीला, शेजारी, कुणालाही? आणि ती पांढरी दिसते म्हणालीस, ते अजून तसंच आहे का? लगेच लिही.

मावशी

---

२ ऑक्टोबर

मावशी,

उशीर झाला. तू धडधाकट आहेस हे वाचून मी दुकानात मोठ्याने हसले, मालकांनी वर बघितलं. त्यावर तू असलं काहीतरी लिहितेस. स्वतः बरं झालेलं कुणाला आवडत नाही असं मी पहिल्यांदाच बघतेय. कोपऱ्याने काही होत नाही हे मी तुला आधीपासून सांगत होते, आता तूच त्याचा पुरावा आहेस. गप्प बसून भूक लागेल तेवढं जेव.

नाही, कुणालाही दाखवलेला नाही. उलट माझ्याच मागे लागलीय. "आई, बस ना माझ्याजवळ, एकदाच, हात ठेव." तू तिला आईलासुद्धा नाही असं सांगितलं होतंस ना, ते ती विसरलेली नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाली, "मला माहितीये, पण मला शिकवायचंय." का, विचारलं तर सांगता येत नाही. रोज तेच. मी कणीक मळत असते, हिशोब बघत असते, मागे येऊन उभी राहते. मी म्हणते, नंतर. शाळेतूनही तक्रार आलीय की हिच्या सगळ्या वह्यांच्या पानांचे कोपरे दुमडलेले असतात. बाईंना वाटतं लक्ष नाही.

तब्येतीचं लिहायचं नव्हतं, पण तू विचारलंस. अजून पांढरीच आहे. नाकातून दोनदा रक्त आलं. दंडावर आणि पोटऱ्यांवर निळे डाग दिसतात, म्हणते खेळताना लागलं, पण ती हल्ली खेळत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते म्हणून मला जास्त कळतं असं नाही, उलट नको ते सगळं आधी आठवतं. तू काळजी करू नकोस. मी करतेच आहे.

ढब्बू

---

९ ऑक्टोबर

ढब्बू,

हे नीट वाच आणि माझ्यावर चिडायचं ते नंतर चिड.

तू मार्चमध्ये लिहिलं होतंस की आपल्या बायका आधीच आजारी असायच्या आणि म्हणून शिकवायच्या. मी ते वाचून पोरकट म्हटलं होतं. आता वाटतं, तुझंच बरोबर होतं. आई मला शिकवायच्या आधी कितीतरी दिवस तिचे हात स्वस्थ नव्हते. जेवताना रुमालाच्या कोपऱ्याची घडी घालायची, पडल्या पडल्या चादरीच्या कोपऱ्याची, वर्तमानपत्र वाचताना पानाची. मी म्हटलं, आई, काय चाललंय? तर म्हणाली, "मी नाही गं घालत, हात घालतायत." मग एक दिवस मला समोर बसवलं. तिने ठरवून शिकवलं नाही. तिला राहवलंच नाही.

माझ्या हातांना असं कधीच झालं नाही. मी एका दुपारी डोक्याने ठरवलं, करून टाकावं म्हणून केलं. तुला पटत नाही म्हणून, मला थकवा आला म्हणून, कोपरा जाईल म्हणून. बोलावणं आलं नसताना मी उठून गेले. माझी वेळ झालेली नव्हती आणि मी ती पोरीच्या हातावर ठेवून आले. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

वह्यांचे कोपरे, ढब्बू. ते दुर्लक्ष नाही.

तिला शिकवू देऊ नकोस. ती कितीही रडली, पाया पडली तरी हात तिच्या हातांवर ठेवायचे नाहीत. घरातल्या सुया, दोरे, कातर सगळं उचलून शेजारी ठेव. शिकणारी मिळाली नाही तर शिकवणं पुरं होत नाही, आणि ते पुरं झालं नाही तर पुढचंही होणार नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी हे धरून बसलेय, कारण धरायला दुसरं काही नाही. आणि तुझ्या डॉक्टरांवर भरवसा ठेव, मोठ्या इस्पितळात न्यायला सांगतील तर एक दिवसही घालवू नकोस. दोन्ही कर. मी यापुढे कुठल्याच बाजूने भांडणार नाही.

मी निघते आहे. जावईबापूंना न्यायला पाठव, मला एवढा प्रवास एकटीने झेपेल पण वाट सापडणार नाही. तिच्यासमोर बसून मला माझं परत मागायचंय.

मावशी

---

१५ ऑक्टोबर

मावशी,

हे पत्र घेऊन रिळूचे बाबा तुला न्यायला येतायत. त्यांच्यासमोर वाचू नकोस, त्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना फक्त तपासण्यांचं माहीत आहे आणि तेवढंच त्यांना पुरे आहे. रस्त्यात त्यांना खायला लाव, चार दिवस धड जेवलेले नाहीत.

रक्ताचा अहवाल वाईट आहे. नेमकं काय ते मोठे डॉक्टर उद्या-परवा हाडातला मगज काढून बघतील तेव्हा सांगणार. मला त्यांच्या बोलण्यावरून कळलंय. आमच्या दुकानात ज्या औषधांची चिठ्ठी आली की मालक स्वतः पुढे होतात आणि आवाज खाली करतात, तसल्या औषधांची नावं ते घेत होते. उपचार आहेत म्हणाले. लांबचे आहेत पण आहेत. मी तेवढं घट्ट धरलंय.

तुझं पत्र मिळायच्या आदल्या दिवशी तिला इथे भरती केलं. मुलांचा वॉर्ड आहे, भिंतीवर रंगीत मासे काढलेत, खिडकीतून रुग्णवाहिका लावायची जागा दिसते. तिचा पलंग खिडकीजवळ आहे. तू म्हणालीस तसं मी केलं. घरातल्या सुया शेजारी दिल्या, इथे येताना पर्स रिकामी करून आणली, शर्टाचं बटण लावायला ठेवते ती सुईसुद्धा काढली. उपयोग झाला नाही. ती चादरीच्या कोपऱ्याची घडी घालते, उलगडते, पुन्हा घालते. सिस्टर येऊन चादर ताठ करून जातात आणि मागे वळायच्या आत तिचे हात तिथेच असतात. मी विचारलं, कशाला गं करतेस, थकशील. तुझ्या आईने दिलं तेच उत्तर तिने दिलं, शब्दन् शब्द. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं ना? तू सांगितलं होतंस का? नसशील तर मला येऊन सांगू नकोस.

दोन दिवस मी तिच्या हातांपासून लांब बसले. आई असून. ती पाणी मागायची, मी पेला टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. ताप बघायला कपाळाला हात लावायची आणि लगेच काढून घ्यायची. काल दुपारी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तू मला धरत का नाहीस?" मग म्हणाली, "मला औषधाने विसरायला होईल. शेजारच्या पलंगावरचा मुलगा म्हणाला, सगळं विसरायला होतं. मग मावशीआजीचा कोपरा कुणाला येईल? तू शिकून ठेव ना. मी बरी झाले की तू मला परत शिकव."

मावशी, माझ्या जागी तू काय केलं असतंस ते मला आल्यावर सांग. मला तिला नाही म्हणता आलं नाही. पण मी एक विचार केला. शिकायचं नाटक करायचं. हात ठेवायचे, तिला समाधान वाटू द्यायचं, आणि कोपरा मुद्दाम चुकवायचा. मला न आलेला कोपरा म्हणजे न शिकवलेला कोपरा, तुझ्याच हिशेबाने. मला शिवणात गती नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिला संशयही आला नसता.

तिने उशीच्या अभ्र्यातून एक लांब दोरा ओढून काढला. सुई नव्हती तर म्हणाली, सुई लागत नाही, बोटानेच जातो. मी पलंगावर तिच्या मागे बसले आणि हात तिच्या हातांवर ठेवले. ते गार होते आणि इतके हलके की मला वाटलं माझ्या वजनाने मोडतील. ती एक एक घडी घालत गेली आणि मी बघायचं नाही म्हणून भिंतीवरच्या माशांकडे बघत होते. मग म्हणाली, आता तू कर.

मी पहिली घडी जाणूनबुजून उलटी घातली. दोरा चुकीच्या बाजूने घेतला. टोक आत सारायचं तिथे बाहेर ओढलं. माझ्या बोटांनी सगळं चुकीचं केलं, मी डोळ्यांनी बघितलं. आणि कोपरा मिटला. दोऱ्याचं टोक कुठे गेलं ते मला सापडेना. मी म्हटलं, नाही आलं गं मला, आणि तो उसवून टाकला. दुसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले आणि हाताला येईल ते केलं, काहीही. डोळे उघडले तेव्हा तो तसाच मिटलेला होता, तुझ्यापेक्षाही साफ.

रिळू हसली. म्हणाली, "आलं की तुला." मग मागे माझ्या अंगावर रेलली आणि झोपली.

आता मी तिच्याजवळ बसून हे लिहितेय. चादर सकाळपासून तशीच ताठ आहे. रिळूचे हात तिच्यावर ठेवलेले आहेत आणि अगदी स्वस्थ आहेत. माझे नाहीत. लवकर ये.

ढब्बू